भांडेवाल्या अप्पांचे मासे

अप्पांच्या घरात शिंक आली तर आधी अंगणात जावं लागे. मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी घातलेली ही पहिली अट. दुसरी अट, ओसरीवरून जाताना पाय आपटायचे नाहीत. तिसरी, विडी ओढायची असेल तर गल्लीच्या टोकाला. मी विडी ओढत नव्हतो, पण इतक्या अटी ऐकल्यावर ओढावीशी वाटली. घरात कुणी दुखणाईत असेल असं समजून मी दबक्या आवाजात विचारलं, "कोण आजारी आहे?"

"आजारी कशाला आसतील? समदे खुशाल हायेत," अप्पा म्हणाले. "या, दाखवतो."

ओसरीच्या उत्तरेकडच्या भिंतीला, जिथे ऊन येत नव्हतं पण उजेड येत होता, तिथे दगडी चौथऱ्यावर काचेची एक मोठी पेटी होती. पेटीत पाणी, तळाला नदीची वाळू, कोपऱ्यात हिरवी पाणवनस्पती, आणि पाण्यात पाच मासे. असे मासे मी तोवर पाहिले नव्हते. लाडवासारखी गोल पोटं, पाठीमागे दुहेरी शेपटी, आणि चालण्यात सासरी आलेल्या जड अंगाच्या पाहुण्यांसारखा थाट. चार लालसोनेरी होते आणि एक काळाकुळकुळीत, डोळे बाहेर आलेला.

"ही घागर," अप्पा बोट न लावता दाखवू लागले. "ह्यो चंबू. त्येच्या मागं गडू. काळी ती कढई. आन ती बारीक अंगाची, पळी. मास्तर, तुमी नवीन हायेत. दोन दिवस जरा लांबूनच बघा. त्यांना वळख पटू द्या."

हे पूर्ण्याला, निजामाच्या राज्यात. मी तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवत होतो. बाकी सगळे विषय उर्दूतून चालत, त्यामुळे माझा तास म्हणजे पोरांची विश्रांती. अप्पांचं स्टेशनच्या रस्त्याला तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यांना सगळा गाव अप्पा म्हणे, मीही म्हणू लागलो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलताना समोरच्या वस्तूवर टिचकी मारायची सवय. दुकानात गिऱ्हाईक आलं की भांड्यावर टिचकी मारून ते कानाशी धरायचे आणि स्वतःच्याच मालाबद्दल म्हणायचे, "ह्ये नगा घेऊ, ह्येला बारीक चीर हाय." असा माणूस दुकान कसं चालवतो हे मला कळत नव्हतं. पण त्याच टिचकीमुळे वालूरपासूनची माणसं लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला त्यांच्याकडे येत.

लिंगायत वाण्याच्या घरात मासे, ही गोष्ट बाजाराला पचणं अवघड होतं. ज्या घरात अंड्याचं नाव घ्यायचं तर आजूबाजूला बघून घ्यावं लागे, त्या घराच्या ओसरीवर मासे. लोक पेटी बघायला यायचे, वा वा म्हणायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर काय म्हणायचे ते मी पुढे सांगतो.

पेटी त्यांनी स्वतः उभी केली होती. दुकानात पूजेची उपकरणी मांडायचं काचेचं एक कपाट होतं. ते सरळ मोडलं. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, काचा बसवायला खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाचं लुकण आपल्या हाताने मळलं. पेटी आठ दिवस गळत होती. अप्पा रोज पाणी काढायचे, पेटी वाळवायचे, बोटाने लुकण दाबायचे आणि परत भरायचे. गळायची थांबली तरी पुढचे पंधरा दिवस नुसत्याच पाण्याने भरून ठेवली. तेलाचा वास पाण्यातून पुरता जायला हवा, म्हणत. वाळू तर धुण्याचं पाणी पिण्याजोगं दिसेपर्यंत ते धुतच राहिले. आणि ते खरंच प्यायले. पेटीत जाणारं पाणी आधी स्वतःच्या जिभेवर घ्यायचं, हा त्यांचा नेम होता. रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की ओसरीवर येऊन पेटीतल्या पाण्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहायचे. पहिल्यांदा मला ते तीर्थ घेताहेत असंच वाटलं.

खायला घालण्याचा त्यांचा हिशेब सोपा होता. "जेवढा त्येचा डोळा, तेवढंच त्येचं पोट," ते सांगत. वाफवलेल्या कणकेचे मोहरीएवढे कण ते मोजून टाकत. बघायला येणाऱ्या बायका पुण्य म्हणून पदरातून कणकेचे मोठाले गोळे आणत. अप्पा ते दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि बाई वळली की गाईला घालत. माशांना डासांच्या अळ्या लागतात हे त्यांना ठाऊक होतं, पण लिंगायताच्या हाताने ते कसं व्हावं? त्यावर तोड म्हणून ते मागच्या दारी पाण्याचा रांजण उघडा ठेवत. त्यात दोन दिवस मुरलेलं पाणी पेटीत घालत. "पाण्यासंगं आपूण होऊन कोन आलं, त्येला मी काय करू?" मी हसलो तर म्हणाले, "मास्तर, हसायलाव कशाला? देवाला समदं ठावं हाय."

आता आक्कांचं सांगायला हवं. आक्का म्हणजे अप्पांच्या मंडळी. बोलायला गोड, हाताला सुगरण, मला दर सोमवारी शिरा पाठवणार. पण ओसरीवरून जाताना त्या पेटीच्या बाजूचा पदर असा ओढून घेत की जणू तिथे कुणी परका पुरुष बसला आहे. पेटी येऊन तीन वर्षं झाली होती, आक्कांनी एकदाही तिकडे मान वळवली नव्हती. अप्पा ओसरीवरून स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने बातम्या देत. "आज चंबू रुसलाय बरं का. कोपऱ्यात बसलाय." आतून उत्तर म्हणून पातेल्यावर झाकण आदळल्याचा आवाज येई. अप्पा थोडा वेळ थांबत, आणि पुन्हा, "गडूनं समजूत काढली. आता दोगं बी फिरायलेत." आत परत झाकण. मी खोलीत पोरांच्या वह्या तपासत हे ऐकायचो. सुरुवातीला गंमत वाटायची. नंतर वाटेना.

कारण कोपऱ्यावर लोक काय म्हणत ते एव्हाना मी ऐकलं होतं. अप्पा-आक्कांना मूल नव्हतं. 'लेकरू न्हाई म्हणून मासे पाळलेत', एवढंच ते वाक्य होतं. ते आक्कांच्या कानावर पाणवठ्यावर पडलं असणारच. आपल्या घरातली उणीव काचेच्या पेटीत घालून रस्त्याच्या तोंडाला मांडून ठेवल्यासारखं त्यांना वाटत असावं. अप्पांना हे कळत होतं. पेटी ते काढतही नव्हते आणि आक्कांना हाक मारून बोलावतही नव्हते. एकदा सहज बोलल्यासारखं मला म्हणाले, "मास्तर, तिनं एकदा आपूण होऊन येऊन बघावं. नावं ठिवली तरी चालंल. मला दुसरं कायबी नगं." माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं थोडं मागताना ऐकलेलं नाही.

त्याच बैठकीत त्यांनी मला एक गुपित सांगितलं. पहिल्यांदा हैदराबादेला माल आणायला गेले असताना एका नवाबाच्या बागेत त्यांनी हे मासे पाहिले. म्हाताऱ्या माळ्याला गळ घालून सात मासे मिळवले. आपण भांड्याचे व्यापारी, तेव्हा मासे न्यायला उत्तमातली उत्तम तांब्याची कोरी घागर, चिंचेने घासून लखलखीत केलेली. रेल्वेत घागर मांडीवर घेऊन बसले. डब्यातल्या लोकांना वाटलं काशीहून गंगा आणली, दोघातिघांनी घागरीला हात जोडले. सकाळी पूर्ण्याला उतरून झाकण काढलं तर सातही मासे उताणे. अप्पांनी ते घरी आणलेच नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. पुढल्या खेपेला माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताँबे का पानी मच्छी कू जहर है, सेठ. मिट्टी के घड़े में ले जाओ." तसे नेले आणि जगले.

"तांब्या-पितळंत ताक ठिवलं की कळकतंय, ह्ये पोरासोरांना बी ठावं हाय," अप्पा म्हणाले. "पाणी बी कळकतंय, मास्तर. लय थोडं. सवय नसलेल्या जिभंला कळत न्हाई, माशाला कळतंय. ज्या तांब्यावर माजं घर चालतंय, तेच ह्येंच्या जिवावर उठलंय. पण ह्ये कुटं बोलू नगा. भांडेवालाच तांब्याच्या पाण्याला जहर म्हणायलाय, आसं बाजारात झालं तर दुकानाला कुलूप लावावं लागंल. आन आपल्या घरात तर आजाबात नगं. तिच्या देवाच्या घागरी तांब्याच्या हायेत. तिच्या मनात किंतु नगं." मी कबूल केलं. शब्द पाळायची मला त्या वयात फार हौस होती.

चैत्रात अप्पा मालासाठी हैदराबादेला गेले. जाताना पेटी माझ्यावर सोपवली. दिवसाआड थोडं पाणी काढायचं, रांजणातलं मुरलेलं घालायचं, रांजण लगेच परत भरून ठेवायचा, कण मोजून टाकायचे. चार दिवसांत येणार होते, पण तिकडे तापाने पडले आणि पंधरा दिवस झाले. मी सगळं नेमाने करत होतो. पण तेवढ्यात परभणीला परीक्षेच्या कामासाठी जायचा हुकूम आला. गाडीची वेळ झाली होती. मी घाईघाईने रांजणातलं उरलंसुरलं पाणी पेटीत घातलं आणि रांजण रिकामाच ठेवून निघालो. उद्या तर परत येणार, म्हटलं. आक्कांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. त्या पेटीजवळ येणारच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तेव्हा आक्का पेटीपुढे जमिनीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. पेटीतलं पाणी इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. वर घागर, चंबू, गडू आणि कढई उताणे तरंगत होते. पळी तळाशी एका कुशीवर पडून कल्ले हलवत होती.

"रातभर चुटूचुटू वाजत व्हतं," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "उठून बघितलं तर समदे वर तोंड काढून आ करायलेत. मला वाटलं तान लागली. पाणी बी हिरवं झालं व्हतं. रांजणात बघितलं, थेंब न्हाई. मग निम्मं पाणी काढून टाकलं आन माझ्या देवाच्या घागरी वतल्या. कालच चिंचेनं घासून भरून ठिवल्या व्हत्या. माझ्या घरात त्येच्यापरीस चांगलं पाणी न्हाई, मास्तर. माझं काय चुकलं?"

मी काय सांगणार होतो? चूक माझी होती, रांजण मी रिकामा ठेवला होता, आणि शब्द अप्पांना दिलेला होता. "उन्हाळा वाईट आहे, आक्का," एवढंच म्हणालो. मग खोलीतून माझा पिण्याच्या पाण्याचा माठ आणला आणि पळीला ओंजळीत उचलून त्यात सोडलं. आक्का माठाच्या तोंडाशी वाकून बसून राहिल्या. संध्याकाळी दिवाबत्तीलासुद्धा उठल्या नाहीत, ती मी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अप्पा आले. तापाने गाल बसलेले, हातात कापडी पिशवी. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी पेटीकडे पाहिलं. ते चार मासे आम्ही ओल्या फडक्यात झाकून ठेवले होते. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. अप्पांनी पिशवी खाली ठेवली, पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. डोळे मिटले. मी समोरच होतो. त्यांना कळलं ते मला दिसलं. त्यांचा हात टिचकीसाठी उचलला गेला आणि काचेपाशी तसाच थांबला.

"मी पाणी घातलं," आक्का म्हणाल्या. "माझ्या घागरीतलं."

अप्पांनी तो हात खाली घेतला. मग म्हणाले, "तू आलतीस? पेटीपाशी?"

"व्हय."

"समद्यांना बघितलंस?"

"बघितलं."

अप्पांनी माठात डोकावून पळीकडे पाहिलं. ती हळूहळू फिरू लागली होती. "उन्हाळा लय हाय," ते म्हणाले. "ह्या उन्हात पाचही जायचे. तू येळंवर पाणी घातलंस म्हणून ही एक तरी ऱ्हायली."

इतकं धडधडीत खोटं इतक्या शांतपणे बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी मान खाली घालून पिशवी उचलून आत नेली.

लिंगायतांत माती देतात. अप्पांनी मागच्या दारच्या बेलाच्या बुडात चार बारीक खड्डे केले आणि विभूतीची चिमूट टाकून चौघांना माती दिली. आक्का बाजूला उभ्या होत्या. मग पेटी पुन्हा धुतली, भरली, पळी परत आत गेली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचा मी रोजचा साक्षीदार. सकाळी आक्का चिंचेने घासलेली तांब्याची घागर भरून ओसरीवर आणत आणि पळीसाठी म्हणून अप्पांच्या हाती देत. अप्पा दोन्ही हातांनी घेत, "मुरवून घालतो" म्हणत आणि मागच्या दारी जात. तिथे घागर बेलाच्या बुडाशी रिकामी करत, रांजणातलं पाणी मडक्यात घेऊन येत आणि पेटीत घालत. मग दोघं पेटीपुढे बसत. आता बातम्या ओरडून सांगाव्या लागत नव्हत्या. उलट आक्काच सांगत, "काल राती वाळू उकरत व्हती," आणि अप्पा नवीन काही ऐकत असल्यासारखी मान डोलावत. मी एकदा अप्पांना म्हणालो, आता खरं सांगून टाका, रोजची ही यातायात कशाला. ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "तुमी शाळंत खरं शिकवा," म्हणाले, "माझ्या घरात मला माझं बघू द्या."

पुढे माझी बदली वालूरला झाली. तीन-चार वर्षं पूर्ण्याला जाणं झालं नाही. अप्पा गेल्याची बातमी मला उशिरा, भांडी घ्यायला गेलेल्या एका शेतकऱ्याकडून कळली. वाईट वाटलं, रडूही आलं. पण खरं सांगतो, त्या पाठोपाठ मनात आलं ते पळीचं. आता घागर घेऊन मागच्या दारी कोण जाणार? आक्का भरलेली घागर सरळ पेटीत ओतणार, आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या हातून पुन्हा तेच होणार. रविवार येताच मी गाडी धरली.

ओसरीवर पाऊल हलकं टाकण्याची सवय गेली नव्हती. पेटी जागेवर होती. पळी तिच्यात फिरत होती, वयाने रंग उडून जवळजवळ पांढरी झालेली. आक्का शेजारी बसल्या होत्या आणि मातीच्या मडक्यातून गाळून पेटीत पाणी सोडत होत्या. ओतण्याआधी त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, ते मी पाहिलं.

बोलणं झालं, अप्पांच्या शेवटच्या दुखण्याचं, दुकानाचं, ते आता चालवणाऱ्या त्यांच्या पुतण्याचं. मग मी न राहवून विचारलं, "आक्का, मडक्यातलं पाणी घालायला कधी लागलात?"

त्या माझ्याकडे बघून थोडं हसल्या. "तुमाला बी ठावं व्हतं म्हणा की."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच आठवड्यात. भर उन्हाळ्यात बेलाचं बूड रोज वलं. मी सडा टाकत व्हते तिथं, मास्तर, मला दिसायचं न्हाई का? मग ध्यानात घेतलं. माझं पाणी बेलाला जायलंय आन रांजणातलं पेटीत. मग चौघं कशानं गेले ते बी उमगलं."

"मग इतकी वर्षं घागर भरून का देत होतात?"

आक्कांनी मडकं खाली ठेवलं. "ते घ्यायला येत व्हते म्हणून. दोन्ही हातांनी घेत व्हते. मी द्यायचं थांबवलं आसतं तर त्यांना कळलं आसतं, हिला समजलं. मग त्यांच्या जिवाला लागलं आसतं. एक तुज्यामुळं ऱ्हायली, आसं म्हणले व्हते ना ते. तेच धरून मी दिस काढले. त्यांनी माज्यासाठी झाकून ठिवलं, मी त्यांच्यासाठी झाकून ठिवलं."

मी पेटीकडे बघत बसलो. रांजण रिकामा मी ठेवला होता हे सांगायचं म्हणून मी इतक्या लांब आलो होतो असं तेव्हा मला वाटलं, आणि मी ते सांगितलं. आक्का म्हणाल्या, "ठावं हाय. त्यांना बी ठावं व्हतं."

मग त्या उठल्या आणि आत गेल्या. आल्या तेव्हा कमरेवर तांब्याची घागर होती, चिंचेने घासलेली, काठोकाठ भरलेली.

"रोज मीच घालते," त्या म्हणाल्या. "आज तुमी घाला."

मी दोन्ही हातांनी घागर घेतली आणि मागच्या दाराने बेलाकडे गेलो.